आचाऱ्याची अब्रू

गुपित राखावं तर आमच्यासारख्यानं! मी आवाज देणारा माणूस आहे. परभाषेतल्या मालिकांमधली माणसं मराठीत बोलतात ना, त्यांतली काही माझ्या तोंडानं बोलतात. चौदा वर्षांत फार मोठमोठी कामं केली आहेत मी. गर्दीतला "पळा! पळा!" मीच. दाराबाहेरचा "साहेब आत नाहीत" मीच. जिन्यावरून पडून मेलेले निदान चाळीस जण माझ्याच आवाजात मेले आहेत.

आमच्या घरात मात्र या मरणांची कोणी दखल घेतली नव्हती. सासऱ्यांनी तर नाहीच. सासरे वजनमापे खात्यातले निवृत्त निरीक्षक. आयुष्यभर दुकानदारांचे तराजू तपासले, आता आमच्याकडे राहून माणसं तपासतात. लग्नाआधी त्यांनी मला एकदा वरपासून खालपर्यंत पाहिलं आणि मनातल्या मनात 'वजनात कमी' असा शेरा मारला, तो चौदा वर्षं कायम होता. चारचौघांत माझी ओळख करून देताना ते म्हणायचे, "हे आमच्या मुलीकडे असतात." जसा काही मी भाडेकरू!

मग ते बेट आलं आणि माझे ग्रह फिरले.

मालिका तशी साधी होती. जहाज फुटून अकरा जण एका बेटावर अडकतात. मरमर मरून तराफा बांधतात आणि निघायच्या दिवशी पहाटे कोणीतरी त्याचा दोर कापतो. तराफा समुद्रात, अकरा जण बेटावर! दोर कोणी कापला? या एका प्रश्नावरून त्यांचे दोन तट पडतात. कप्तानाला मानणारे किनाऱ्यावर राहतात, त्या अकरांतलाच दीपगृहावर नोकरी केलेला एक म्हातारा, त्याला मानणारे गुहेत जातात. दोघेही एकमेकांना फितूर म्हणतात. आणि किनाऱ्यावर एक आचारी असतो, गोड हसणारा, सगळ्यांची काळजी घेणारा, कप्तानावर जीव टाकणारा. तो आचारी म्हणजे मी!

बेटावर अकराच माणसं फुटली होती. आमची अख्खी इमारत फुटली! खालच्या दोन मजल्यांवरचे झाले किनारेवाले, वरच्या दोन मजल्यांवरचे गुहावाले. पूर्वी हेच लोक पाण्याच्या टाकीवरून भांडत. आता त्याच भांडणाला तत्त्वाचं अधिष्ठान मिळालं. गुहावाल्यांनी लिफ्टचं दार उघडं ठेवलं, तर तो घातपात. किनारेवाल्यांची गाडी अर्धा हात पुढे लागली, तर ते आक्रमण. इमारतीच्या मंडळाचे अध्यक्ष आमचे सासरे, त्यामुळे किनाऱ्याचं पुढारीपण आपसूक त्यांच्याकडे आलं. गुहेचं पुढारीपण तिसऱ्या मजल्यावरच्या डॉक्टरीणबाईंकडे. त्या दातांच्या डॉक्टर, आता निवृत्त, पण समोरचा बोलायला लागला की अजूनही त्याच्या दाढांकडे बघतात. आणि माझी बायको? सख्खी बायको गुहावाली! आमच्याकडे वडील आणि मुलगी जेवायला समोरासमोर बसत आणि मीठ माझ्यामार्फत मागत.

एका संध्याकाळी सासरे आपणहून माझ्या खोलीत आले. खुर्ची ओढून जवळ बसले.

"जावईबापू," ते म्हणाले.

मी मागे वळून पाहिलं. दुसरं कोणी आलं होतं की काय? पण खोलीत जावई मी एकटाच होतो!

"तुमचा आचारी स्वच्छ आहे ना? तुम्हाला तर पुढचं सगळं ठाऊक असणार."

आता इथे एक गोष्ट तुम्हाला सांगतो, जी मी सासऱ्यांना सांगायला हवी होती. आम्हाला काहीही ठाऊक नसतं! रहस्य फुटू नये म्हणून परदेशातली कंपनी आमच्याकडे चित्र पाठवते ते काळं करून. अख्खा पडदा काळा आणि मध्ये एक भोक. त्या भोकात फक्त बोलणाऱ्याचं तोंड. बाकी कोण समोर आहे, घर जळतंय की लग्न लागतंय, काही कळत नाही. कागदावर आपल्यापुरतीच वाक्यं. तोंड हललं की बोलायचं, मिटलं की गप्प बसायचं. तीन महिने मी त्या आचाऱ्याचा जीव की प्राण होतो आणि मी त्याचे डोळेसुद्धा पाहिले होते ते शनिवारी, मालिका लागल्यावर, सगळ्यांबरोबर!

पण "जावईबापू" हा शब्द कानात मधासारखा ओघळत होता हो! मी मान हलवली. गूढ हसलो.

"बाबा, बोलायची बंदी आहे. पण एवढं सांगतो, आचारी म्हणजे सोनं. माझा शब्द!"

तो शब्द दुसऱ्याच दिवशी इमारतीच्या सभेत पोचला. विषय होता गच्चीची गळती. तीन मिनिटांत गच्ची बाजूला राहिली आणि दोर निघाला.

"दोर आचाऱ्यानंच कापलाय," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "चाळीस वर्षं लोकांची तोंडं पाहिलीत मी. दुखत नाही म्हणून हसणारा वेगळा आणि दुखतंय ते लपवायला हसणारा वेगळा."

सासरे ताडकन उभे राहिले. "आचारी फितूर निघाला, तर त्या क्षणी मी अध्यक्षपद सोडेन! ही खुर्ची तुमची! आणि हे मी हवेत बोलत नाही. माझ्या जावयानं शब्द दिलाय!"

सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं. मी छाती पुढे काढली. नऊ वर्षांचं अध्यक्षपद माझ्या शब्दावर! घरी आल्यावर बायकोनं विचारलं, "अहो, तुम्हाला खरंच माहीत आहे का?"

"म्हणजे काय!"

"बघा हं. बाबांकडे त्या खुर्चीशिवाय दुसरं काही नाही."

पुढच्या मंगळवारी स्टुडिओत गेलो. काचेपलीकडे रेकॉर्डिस्ट, त्याच्या शेजारी आमच्या दिग्दर्शिका. हातात कागद आला. त्यावर तीनच वाक्यं होती.

'होय. दोर मीच कापला. माझ्याच हातांनी.'

माझ्या पायाखालची जमीन सरकली! कागद उलटा करून पाहिला, दुसऱ्या कोणाचा चुकून आलाय का म्हणून. नाही. वर स्पष्ट लिहिलं होतं, आचारी. भोकातलं तोंड हललं आणि मी कसंबसं बोललो. आवाज खरोखरच फुटला. दिग्दर्शिका म्हणाल्या, "वा! काय दुःख आणलंत!" आणलं नव्हतं हो, आपोआप आलं होतं! मग मुलीच्या शाळेत जायचंय म्हणून त्या निघून गेल्या.

मी काचेपलीकडे गेलो आणि रेकॉर्डिस्टचे हात धरले. "मेलो रे! सासऱ्यांची खुर्ची गेली!"

तो कागदाकडे बघत थिजला होता. तोही कट्टर किनारेवाला निघाला! "आपला आचारी?" तो म्हणाला. "अरे, माझ्या आईनं त्याच्यासाठी उपास धरलाय!"

मग तो हळूच म्हणाला, "बाई गेल्यात. परत घ्यायचं का?"

कट असाच शिजतो बघा! मी माइकपुढे उभा राहिलो. तोंड हललं. मी ठणकावून म्हणालो, "नाही! दोर मी नाही कापला!"

"जमत नाही," तो म्हणाला. "तू थांबतोस आणि त्याचे ओठ अर्धा सेकंद रिकामे हलतात. काहीतरी भर."

"काय भरू?"

"कोणाचं तरी नाव घाल. म्हाताऱ्याचं घाल, बरोबर बसेल."

दीपगृहाचा म्हातारा! देवमाणूस! पण माझ्यापुढे अर्धा सेकंद रिकामा होता आणि सासरे होते. मी म्हणून टाकलं, "नाही. दोर म्हाताऱ्यानं कापला. त्याच्याच हातांनी." ओठाला ओठ चपखल बसला. अर्ध्या सेकंदासाठी मी एका सज्जन माणसाची अब्रू घेतली आणि वर "मस्त झालं!" म्हणून रेकॉर्डिस्टला टाळी दिली. बाईंनी आधीचंच पसंत केलं होतं, पुन्हा ऐकणारं कोणी नव्हतं.

शनिवारी संध्याकाळी सात वाजता इमारतीच्या सभागृहात मोठा पडदा लावला होता. खुर्च्यांचे दोन गट, मधून वाट. सासऱ्यांनी इस्त्रीचा सदरा घातला होता. मला त्यांनी पहिल्या रांगेत, आपल्या उजव्या हाताला बसवलं आणि माझ्या गुडघ्यावर हात ठेवला. चौदा वर्षांत प्रथमच! मला भरून आलं.

आणि तो प्रसंग आला. आता मात्र पडदा काळा नव्हता. मी तो प्रसंग पहिल्यांदाच अख्खा पाहत होतो.

अकराही जण किनाऱ्यावर जमलेले. कप्तान ओरडतो, "कोणी कापला दोर?" आचारी पुढे येतो. कमरेचा सुरा काढून सगळ्यांसमोर वाळूत टाकतो. गुडघ्यांवर बसतो. होकारार्थी मान हलवतो. दोन्ही हातांनी स्वतःची छाती बडवतो आणि घळघळा रडत म्हणतो,

"नाही. दोर म्हाताऱ्यानं कापला. त्याच्याच हातांनी!"

पण प्रसंग संपला नव्हता! म्हातारा पुढे येतो, आचाऱ्याला उठवतो, मिठी मारतो आणि म्हणतो, "तू खरं बोललास, यातच सगळं आलं. मी तुला माफ केलं!" कप्तान रडतो. दोन्ही तट एकमेकांच्या गळ्यात पडतात. सगळं बेट एक होतं. का होतं, ते मराठीत कोणालाही कळत नाही!

सभागृहात मग मागून कोणीतरी म्हणालं, "म्हाताऱ्यानं स्वतः दोर कापला आणि माफ याला केलं?"

"आणि सुरा याच्याकडे कसा?"

"म्हाताऱ्याला वेड लागलंय, दुसरं काय!" एक किनारेवाला ओरडला. "आचारी निर्दोष! जिंकलो!" खालचे दोन मजले टाळ्या वाजवायला लागले. डोळ्यांनी पाहिलेलं त्यांनी कधीच बाजूला टाकलं होतं. सासरे मात्र टाळ्या वाजवत नव्हते.

डॉक्टरीणबाई उठल्या. "मागे घ्या. आवाज बंद करा." चित्र पुन्हा सुरू झालं, मुकं. सुरा, गुडघे, मान, छाती. बाई पडद्याकडे बोट दाखवून म्हणाल्या, "हा माणूस कबुली देतोय. दुखरी दाढ अखेर दाखवणाऱ्याचा चेहरा आहे हा." मग सावकाश माझ्याकडे वळल्या. "यांचा आवाज खोटं बोलतोय."

सासऱ्यांचा हात गुडघ्यावरून निघाला.

"मूळ वाक्य काय होतं?" त्यांनी विचारलं. तराजूत खोट सापडलेल्या दुकानदाराला विचारत असतील, अगदी तसं.

"बाबा, तुमच्यासाठीच मी... रेकॉर्डिस्ट म्हणाला म्हणून..."

"वाक्य."

मी उभा राहिलो. चित्र तिसऱ्यांदा सुरू केलं गेलं. आचारी गुडघ्यांवर बसला आणि मी म्हणालो, "होय. दोर मीच कापला. माझ्याच हातांनी." शरमेनं आवाज कापत होता, तो त्याच्या तोंडाला तंतोतंत बसला. कोणीतरी आवाज चालू केला आणि म्हाताऱ्याचं वाक्य आलं, "तू खरं बोललास, यातच सगळं आलं. मी तुला माफ केलं!"

काय सांगू! अख्खं सभागृह रडलं! डॉक्टरीणबाईंनी रुमाल काढला. मधली वाट ओलांडून माणसं एकमेकांकडे गेली. लिफ्टवाल्यांनी गाडीवाल्यांना मिठ्या मारल्या. तीन महिन्यांचं वैर दोन मिनिटांत संपलं. सगळ्यांनी सगळ्यांना माफ केलं, फक्त मला सोडून! दोन्ही तटांची युती झाली होती आणि तिचा पहिला ठराव म्हणजे मी.

सासरे उठले. सदरा नीट केला आणि सभागृहाची किल्ली डॉक्टरीणबाईंच्या हातात दिली.

"अहो, राहू द्या," बाई म्हणाल्या. "झालं ते झालं. तुमची काय चूक?"

"मी शब्द दिला होता," सासरे म्हणाले. "आमच्या घरात निदान एकाचा तरी खरा निघायला हवा."

ते वाक्य मला अजून झोंबतं. कारण त्यांचा आचाऱ्यावर राग नव्हताच! घरी जाताना ते माझ्या बायकोला म्हणालेसुद्धा, "किती मोठ्या मनाचा निघाला गं! एवढ्या लोकांसमोर कबूल केलं." म्हणजे मी कागदावरची तीन वाक्यं सरळ वाचली असती, तर खुर्ची गेलीच असती, पण जावईबापू टिकले असते. इतकी सोपी गोष्ट मी अर्ध्या सेकंदात घालवली.

स्टुडिओत चौकशी झाली. रेकॉर्डिस्टनं डोळ्यांत पाणी आणून सांगितलं, "मी यांना किती अडवलं!" त्याची नोकरी राहिली. माझा आचारी काढून दुसऱ्याला दिला. दिग्दर्शिका दयाळू, म्हणून मला मालिकेतून पूर्ण काढलं नाही. नव्या भागात बेटावर एक बकरी सापडते, ती मला दिली. मी म्हटलं, बरं झालं! ना होय, ना नाही, ना कोणाचं नाव. शब्दच नाहीत, तर फिरवणार काय?

पंधरा दिवस सासरे माझ्याशी बोलले नव्हते. काल संध्याकाळी खोलीच्या दारात येऊन उभे राहिले. बराच वेळ घुटमळले.

"बकरी तुमची ना?"

"हो."

"एकत्र झालेल्या बेटावर अचानक बकरी येते म्हणजे काहीतरी असणार. ती शेवटपर्यंत आपल्याच माणसांत राहते ना?"

आतून बायको ओरडली, "बाबा, त्यांना विचारू नका!"

मी हात जोडले. "बाबा, तुमची शपथ, मला खरंच काही माहीत नाही."

चौदा वर्षांत त्यांच्याशी मी इतकं निखळ खरं कधीच बोललो नव्हतो. सासऱ्यांनी माझ्याकडे नीट निरखून पाहिलं. डोळे बारीक केले. मान डोलवली.

"असं! म्हणजे बकरी फितूर आहे!" ते म्हणाले आणि पायांत चपला सरकवून डॉक्टरीणबाईंना सांगायला तिसऱ्या मजल्यावर पळाले.