बत्तानीच्या घराची उत्तरेकडची भिंत

युसुफ मास्तरनं माझ्या डोळ्यांदेखत एका बाईच्या लागोपाठ दोन ट्राम चुकवल्या. संध्याकाळचे साडेपाच, लख्ख ऊन, बाईच्या हातात भाजीची पिशवी, आणि हा गडी थांब्यापाशी तीन पायांची दुर्बीण मांडून उभा. "बिट्टे, प्लीज, एक मिनिट, चंद्र बघा." उन्हात चंद्र दाखवणारा माणूस मी त्याआधी बघितला नव्हता. बाई वाकली, बघितलं, "श्योन" म्हणाली, म्हणजे छान, आणि निघाली. मास्तरनं आडवा हात घातला. "श्योन नको. काय दिसलं ते सांगा. मधोमध मोठं गोल घर आहे. त्याची भिंत कशी आहे? आत सावली कुठवर आलीय?" पहिली ट्राम गेली. बाईनं परत डोळा लावला. दुसरी गेली. शेवटी तिनं हवेत बोट फिरवून काहीतरी सांगितलं, मधे उंचवटा आहे म्हणाली, तेव्हा कुठं तिची सुटका झाली.

मी बाकावर बसून बघत होतो. रिकामपणानं डोकं फिरलंय, म्हटलं. रिकामपण मला लांबून ओळखू येतं.

मी धंद्यानं गवंडी. शाळा चौथीपर्यंत, त्यातलं एक वर्ष हेडमास्तरांच्या घराची भिंत लिंपण्यात गेलं. मुलगा इथं जर्मनीत, डार्मश्टाटला उपग्रहांच्या कचेरीत आहे. आकाशात काय काय फिरतंय ते त्याला संगणकावर दिसतं, पण आज चंद्र कुठल्या बाजूला आहे ते माझ्याकडून कळतं. बायको गेल्यावर त्यानं मला इकडं आणलं. दिवसभर तो आणि सून अनघा कामावर. नात मला ओपा म्हणते, म्हणजे आजोबा, मी मराठीत विचारलं की समजतं तिला, उत्तर जर्मनमध्ये. बोलायला माणूस हवं होतं, पण मी आपणहून कुणाकडं जात नाही. ज्याला गरज त्यानं यावं.

तो आला. "हिंदी?" म्हणाला. मी म्हटलं, "मराठी." त्याला फरक कळला नाही, मी समजावलाही नाही. तो मूळचा सिरियातल्या रक्का गावचा. उमेदीची वर्षं कुवेतला शाळेत गणित शिकवलं, तिथल्या आपल्या लोकांकडून मोडकं हिंदी उचललं. मी त्याच सुमाराला मस्कतला भिंती उभ्या करत होतो. तेव्हा भाषेची सोय झाली, त्याचं हिंदी, माझं हिंदी, आणि दोन्हींना ठिगळं लावायला जर्मन. मी गवंडी आहे म्हटल्यावर तो मला मुअल्लिम म्हणायला लागला. त्यांच्याकडं शाळेतल्या मास्तरलाही मुअल्लिम आणि हातानं काम करणाऱ्या कारागिरालाही मुअल्लिम. चौथी शिकलेल्या माणसाला आयुष्यात पहिल्यांदा कुणी मास्तर म्हटलं. मी नाही म्हटलं नाही.

आता ते घर कुणाचं, ते सांगतो. हजार-अकराशे वर्षांपूर्वी रक्क्यात अल-बत्तानी नावाचा माणूस होऊन गेला. दुर्बीण नव्हती तेव्हा. तरी चाळीस वर्षं एका गावात बसून त्यानं सूर्य, चंद्र, तारे मापले. वर्ष नेमकं केवढं, ते काढलं. त्याच्याआधी टॉलेमी म्हणून मोठा पंडित होऊन गेला होता, त्याच्या चुका दाखवल्या. पुढं युरोपातल्या लोकांनी चंद्रावरच्या एका मोठ्या विवराला बत्तानीचं नाव दिलं, पण आपल्या जिभेनं वाकवून, आल्बाटेग्निउस. तो शब्द कुणी उच्चारला की मास्तरच्या कपाळाची शीर उठायची. "बत्तानी म्हणा. त्याच्या आईनं ठेवलेलं नाव आहे." मी एकदा खड्डा म्हटलं तर दोन दिवस बोलला नाही. खड्डा नाही, विवर नाही, घर म्हणायचं. "बत्तानीच्या घरी जाऊन ये," असं म्हणून तो माणसाला दुर्बिणीकडं ढकलायचा. आणि शेजारचं घर टॉलेमीचं! ज्याच्या चुका काढल्या त्याच्याच भिंतीला भिंत. मी म्हटलं, "आमच्याकडं भाऊबंद असेच राहतात." त्याला हे फार आवडलं. थांब्यावरच्या जर्मन माणसांना तो ते सांगत सुटला, त्यांना काही कळलं नाही.

चंद्र अर्धा असतो त्या दिवशी हे घर चांगलं दिसतं, कारण ऊन तिरपं पडून सावल्या उठतात. तो दिवस काढायला मास्तर कागद घेऊन दोन तास आकडेमोड करायचा. मी म्हटलं, "गुरुवारी." तो म्हणाला, "कसं काढलंस?" मी म्हटलं, "शुद्ध अष्टमी आहे. आमच्या फ्रीजवरच्या कॅलेंडरात लिहिलंय." त्याच्या गणितातही गुरुवारच आला. त्यानं कागद चुरगळला. "न मोजता बरोबर येणं ही चोरी आहे, मुअल्लिम."

मग माझी पाळी आली. "तू बघ," म्हणाला. "आणि तू?" "माझं रोजचंच आहे." मी वाकलो. मला दिसलं काय? ताकात बुडालेली भाकरी. त्यापलीकडं काही नाही. डोळ्यांवर सारा आला होता, मोतीबिंदू. मला ते दोन वर्षं माहीत होतं आणि मी घरात कुणाला सांगितलं नव्हतं. सांगितलं असतं तर अनघानं मला एकट्याला खाली उतरू दिलं नसतं. आणि दुसरं म्हणजे, माझी सगळी कमाई नजरेची. ओळंबा न लावता भिंत सूतभर कलली असेल तर मी रस्त्यावरून सांगायचो. कंत्राटदार मला त्यासाठी बोलावून नेत. अशा माणसाला "भिंत कशी आहे" विचारल्यावर त्यानं "दिसत नाही" म्हणायचं?

मी म्हटलं, "रुंद भिंत आहे. वरून ढासळलेली. आतल्या अंगाला टप्पे टप्पे उतरलेत. मधे उंचवटा." उंचवटा त्या भाजीच्या पिशवीवाल्या बाईचा, बाकी आमच्या गावच्या विहिरीचं. मास्तरनं माझा हात धरला. "टप्पे! बरोबर! टप्पे कुणी सांगत नाही. सगळे श्योन म्हणतात आणि जातात."

तेव्हापासून अष्टमीला माझी हजेरी पक्की. इथं ढग फार, वर्षात चार-पाच अष्टम्या पदरात पडल्या असतील. मास्तरचा एक बेत होता. बत्तानीच्या घराचं मोठं चित्र काढायचं, सावलीसकट, मोजून मापून, आणि ते गावच्या ग्रंथालयात लावायचं. तिथं तारे बघणाऱ्या मंडळाचं प्रदर्शन भरणार होतं. खाली लिहायचं, अल-बत्तानी, रक्का. "इथं रक्का म्हटलं की लोकांना फक्त लढाई आठवते," तो म्हणायचा. "एकदा तरी त्यांनी ते नाव वाचावं आणि त्यांना मोजमाप आठवावं." त्यासाठी मी दुर्बिणीला डोळा लावून सांगायचं, त्यानं पुठ्ठ्यावर काढायचं. पेन्सिल इतकी दाबून ओढायचा की चर पडायचे, आणि मग त्या चरांवरून बोट फिरवायचा. मला वाटलं, सवय असेल.

तीच भिंत चौथ्यांदा सांगायची मला लाज वाटायला लागली. काहीतरी नवं पाहिजे. मी म्हटलं, "वरच्या अंगाला भिंत फुटलीय. वाट आहे. बैलगाडी जाईल एवढी."

मास्तरची पेन्सिल थांबली. "वरच्या अंगाला म्हणजे उत्तरेला?"

"उत्तरेलाच."

"नीट बघ, मुअल्लिम. आधी डोळा, मग तोंड."

"मी भिंतीत कधी चुकलोय?" मी म्हटलं. त्यानं वाट काढली.

प्रदर्शनाला तो कोट घालून आला, मी टोपी. चित्र मधोमध लावलेलं. मंडळाच्या फ्राऊ लिंडनर म्हणून बाई होत्या, भल्या बाई. त्यांनी बराच वेळ चित्र बघितलं, मग शेजारी एक मोठा फोटो आणून धरला. "हर युसुफ, काम सुंदर आहे. पण इथं उत्तरेला ही जी वाट आहे, ती नाही हो. भिंत सलग आहे." चार माणसं जमली. एकानं फोटोवर बोट ठेवलं, गेनाऊ, गेनाऊ म्हणाला, म्हणजे अगदी बरोबर. माझ्या हातात बिस्किट होतं, ते तसंच राहिलं. मास्तरनं माझ्याकडं तोंड वळवलं. मला वाटलं आता सांगणार, याच्या भरवशावर काढलं म्हणून. तो म्हणाला, "माझा हात चुकला."

बाईंना वाईट वाटलं असणार. चित्र उतरवायचं नाही म्हणाल्या, फक्त खाली एक चिठ्ठी लावू. लावली. मी शेजारच्या माणसाला विचारलं काय लिहिलंय. कल्पनाचित्र, असं लिहिलं होतं. चाळीस वर्षं मोजणाऱ्या माणसाच्या नावाखाली, कल्पनाचित्र.

आम्ही ट्रामच्या थांब्यावर येऊन उभे राहिलो. मी म्हटलं, "त्या बाईला काय कळतंय." ट्राम आली. मी त्याच्याकडं बघितलं, त्यानं माझ्याकडं. ट्राम गेली. दुसरी आली.

"कितवी आहे?" तो म्हणाला.

"तू शिकलेला. तू वाच."

"तू नजरवाला. तू वाच."

तीही गेली. अशा चार ट्राम गेल्या. म्हातारे दोघे, एकमेकांच्या तोंडाकडं बघत. शेवटी मास्तरनं एका पोरीला विचारलं, "मुली, आठ नंबर आली की सांगशील का?" आणि मग माझ्याकडं न बघता म्हणाला, "पाच वर्षं झाली. मधलं सगळं गेलंय. कडेकडेचं दिसतं. चंद्राकडं बघितलं की चंद्रच जातो." थोड्या वेळानं म्हणाला, "पुस्तकात ती वाट नाही, मला माहीत होतं. पण तू इतक्या ठामपणे सांगितलंस. आणि रक्क्याच्या जुन्या तटाला उत्तरेला तसंच भगदाड होतं. शाळा सुटली की आम्ही पोरं तिथनं आत घुसायचो, वेशीतनं कोण जातंय. मला वाटलं, पुस्तकं चुकत असतील. बत्तानीनं नाही का टॉलेमीची चूक काढली? मला वाटलं, आपल्याही हातून एक निघाली."

तेव्हा बोलायचं होतं. एवढंच म्हणायचं होतं की मलाही दिसत नाही रे, पहिल्या दिवसापासून नाही. बोलायला आठ नंबर येईपर्यंत वेळ होता. मी म्हटलं, "माझं तसं नाही. चष्मा घरी राहिला आज."

"हो," मास्तर म्हणाला. "चष्मा."

त्यानंतर अष्टमीला दुर्बीण खाली आली नाही. मी बाकावर जाऊन बसायचो, दोन घरं पलीकडं त्याचं दार, पण मी गेलो नाही. त्यानं बोलवावं, असं माझं म्हणणं. महिन्याभरात त्याची मुलगी येऊन त्याला बर्लिनला घेऊन गेली. दुर्बीण मंडळाला दिली. जाताना तो आमच्याकडं येऊन गेला होता, मी खाली बाकावरच होतो, अनघानं दार उघडलं. "बाबा, अहो ते तुमच्यासाठी पाच मिनिटं थांबले होते," ती म्हणाली. "गाडी उभी होती खाली. तुम्हाला दिसली नाही का?"

थंडीत मी फूटपाथच्या कडेला अडखळून पडलो, तेव्हा सगळं उघडं झालं. अनघा रागावली, रडली, आणि तिनं मला दवाखान्यात नेलं. दोन्ही डोळ्यांचं ऑपरेशन झालं. पट्टी काढली तेव्हा पहिल्यांदा दिसली ती समोरच्या भिंतीची कड. अर्ध्या सुतानं बाहेर होती.

वसंतात एका अष्टमीला मी मंडळाकडं गेलो. फ्राऊ लिंडनर बाईंनी मास्तरचीच दुर्बीण लावून दिली. मी वाकलो आणि अर्धा तास उठलो नाही, मागं माणसं ताटकळत राहिली. टप्पे खरंच आहेत. उंचवटा आहे. त्याची सावली भाल्यासारखी पडलीय. आणि उत्तरेकडची भिंत मी दगड न दगड तपासावा तशी तपासली. सलग आहे.

दुसऱ्या दिवशी अनघाकडून बर्लिनला फोन लावून घेतला. माफ कर, असं आधी म्हणायचं ठरवलं होतं. विचारलं काय, तर हवा कशी आहे.

"कोण? मुअल्लिम?" आवाज बारीक झाला होता. "हवा आहे. दिसत नाही मला, पण आहे."

"मास्तर, डोळे करून घेतले मी. काल बत्तानीच्या घरी जाऊन आलो."

तो हसला नाही, रागावला नाही. "चष्मा सापडला म्हणायचा." मग म्हणाला, "आणि उत्तरेला?"

मला आहे म्हणता आलं असतं. "नाही रे," मी म्हटलं. "भिंत सलग आहे. कुठं फट नाही. मला तेव्हा काहीच दिसत नव्हतं. मी बनवून सांगितलं."

तिकडं पाठीमागं कुणीतरी भांडी लावत होतं.

"मग आत कसं जायचं, मुअल्लिम?"

तो थट्टेनं म्हणाला की खरंच विचारत होता, मला कळलं नाही. आयुष्यभर मी भिंतींना दारं ठेवत आलो. रुंदी किती, उंची किती, चौकट कुठं बसते, मला झोपेतून उठवून विचारा. फोन कानाला धरून मी समोरच्या भिंतीवर बोटानं चौकट आखायला लागलो, आणि तिकडं मास्तर उत्तराची वाट बघत होता.