ढवळे काकांचा नकाराधिकार

आमच्या बॉथेल गावातल्या ढवळे काकांना वाढदिवसाचं आमंत्रण पाठवलं, तर ते येतो किंवा येत नाही असं कळवत नाहीत. फोन करून विचारतात, "यामागे कोण आहे बापा?" आमचं पोरगं पाच वर्षांचं होतंय, यामागे कोण असणार? तरी काकांचं समाधान होत नाही. केक कोणी सुचवला इथपासून चौकशी सुरू होते.

काका मूळचे नागपूरचे, निवृत्त इंजिनिअर. काकू गेल्यापासून एकटेच राहतात. मुलगा टेक्सासात, शुगर लँडला. आमचं चिमुकलं मराठी मंडळ त्यांनीच काढलं आणि घटनाही त्यांनीच लिहिली. तीत एक कलम आहे: संस्थापक 'नाही' म्हणाला की ठराव रद्द. बाकीचे संस्थापक गाव सोडून गेल्यामुळे हा नकाराधिकार आता एकट्या काकांकडे उरलाय.

अशात शेजारच्या बेलव्ह्यू शहरातल्या महासंघाचा प्रस्ताव आला. आसपासची सगळी मंडळं एकत्र, मोठा हॉल, मुलांसाठी मराठीचे वर्ग. मात्र सण सगळ्यांनी तिकडेच करायचे. म्हणजे काकांच्या बॅकयार्डातली कोजागिरी बंद.

काकांनी घरोघरी फोन लावले. "युरोपात काय झालं पाहा. देश युनियनमध्ये गेला की मंत्री तिकडे मीटिंगला जातात, ठरवून येतात आणि घरी सांगतात, वरून आलंय, नाइलाज आहे. पार्लमेंटनं नुसती मान डोलवायची. मग जुने पक्षही राहत नाहीत. युनियनवाले आणि युनियनविरोधी, दोनच."

मी हसण्यावारी नेलं. पण आमची अध्यक्ष शिल्पा महासंघाच्या तयारीच्या पहिल्याच मीटिंगहून आली ती सांगत, की सामील झालो की पॉटलक, म्हणजे प्रत्येकानं घरून एकेक पदार्थ आणायची पद्धत, बंद. कमिटीला कुणी विचारलंच नव्हतं. "वरूनच ठरलंय यार, मी काय करू?" पॉटलकवाले आणि केटरिंगवाले हे आमचे जुने पक्ष, तेही आठवड्याभरात फुटले आणि निम्मे महासंघाच्या बाजूनं, निम्मे विरोधात गेले. काकांचं खरं होत होतं, याचाच मला जास्त राग आला. म्हाताऱ्याला अधिकार सोडवत नाही, असा माझा पक्का संशय होता.

मतदानाच्या दिवशी सगळे काकांच्या तोंडाकडे पाहत होते. त्यांनी महासंघाच्या नियमांवर इतके प्रश्न विचारले की सगळ्यांचा चहा गार झाला. शेवटी शिल्पा म्हणाली, "काका, माझ्या मुलीच्या वयाचं मराठी बोलणारं इथे कुणी नाहीये. ती मलासुद्धा इंग्लिशमध्येच आन्सर करते. तिकडे तिला मैत्रिणी मिळतील."

काका चष्मा पुसत बसले. मग म्हणाले, "माझा नकार नाही." ठराव पास झाला.

त्यांना घरी सोडताना मी विचारलं, एवढं रान उठवलंत आणि ऐन वेळी नकार का दिला नाहीत?

"पोरीचं खरं आहे," ते म्हणाले. सिग्नल सुटल्यावर पुन्हा बोलले. "पण कोजागिरीला तेवढी माणसं यायची रे घरी. एरवी बेल वाजते ती डिलिव्हरीवाल्याची. दार उघडेपर्यंत तोही गेलेला असतो."

गाडी त्यांच्या घरापाशी थांबली. उतरल्यावर त्यांनी दार धरूनच विचारलं, "मग यंदा दूध किती आणायचं?"

"आमच्या तिघांचं धरा," मी म्हणालो. "आम्ही आधी तुमच्याकडे, मग बेलव्ह्यूला."

काका मान हलवून घराकडे निघाले. अर्ध्या वाटेवरून परत आले आणि खिडकीपाशी वाकून म्हणाले, "पोराला केशर चालते ना?"