हिंदुस्थानी माणूस शंभर टक्के समाधानी

समाधान ही मोजता येणारी वस्तू आहे. १९७९ साली बहारीनमधल्या आमच्या कंपनीच्या कल्याण खात्याने ती मोजली. मी, वसईचा ह्युबर्ट, त्या खात्यात टायपिस्ट असल्याने टक्के मीच छापले.

आजारी कामगाराला नर्सने आठवड्यातून दोनदा घरी जाऊन पाहावे, असा आमचा उदात्त नियम होता. त्या सेवेबद्दल गोरे ३१ टक्के समाधानी निघाले, बहारीनी ५८ आणि हिंदुस्थानी १०० टक्के. (दोन हिंदुस्थानी कामगार फॉर्म येण्याआधीच मायदेशी परतले. तेही समाधानानेच गेले असावेत.) गोऱ्यांची मुख्य तक्रार अशी, की नर्स रिफा या त्यांच्या वस्तीतल्या बंगल्यांवर ऐन चहाच्या वेळी येते. हिंदुस्थानी कॅम्प होता अस्करजवळ. तिथे नर्स कुठल्याच वेळी येत नसे, त्यामुळे तक्रारीला जागाच नव्हती. गाडी एक, आणि ती रिफाला गेलेली.

एवढे सुरेख आकडे आमच्या खात्याची नर्स सिस्टर आल्बिना हिला खुपले. एका शुक्रवारी, सुट्टीच्या दिवशी, ती टॅक्सी करून कॅम्पवर गेली. रत्नागिरीचा फिटर इलियास परांचीवरून पडून मांडी मोडून घेतलेला, आठ आठवडे प्लास्टरमध्ये पडून होता. तिने त्याला कुशीवर वळवलं, तर पाठीला तळहाताएवढी जखम.

"इलियासभाई, आठ आठवड्यांत कोण आलं बघायला?"

"मफी. कुणीच नाही."

"आणि फॉर्मवर 'अत्यंत समाधानी'?"

"सिस्टर, व्हिसा सप्टेंबरात संपतोय. चार पोरं आहेत. समाधानीच राहू द्या."

आल्बिनाने जखम धुतली, पट्टी बांधली. मग नवा फॉर्म काढून 'अत्यंत असमाधानी'वर खूण केली आणि खाली स्वतःची सही ठोकली.

हिंदुस्थानी समाधान ९९.७ वर घसरलं. साहेब हादरले. ०.३ टक्क्यांचं कारण शोधायला गाडी पहिल्यांदाच अस्करला गेली, डॉक्टरसकट. डॉक्टरने जखम पाहिली आणि इलियासला तडक इस्पितळात हलवलं. "अजून आठवडा गेला असता तर खलास," तो म्हणाला. पाठ भरून आली, माणूस वाचला.

खात्याने यातून योग्य तो धडा घेतला. विनापरवाना असमाधान पसरवल्याबद्दल आल्बिनाला मेमो मिळाला. (तोही मीच टाइप केला, एकही चूक न करता.) तिने तो वाचला, घडी घालून पर्समध्ये ठेवला आणि ती म्हणाली, "ह्युबर्ट, पुढच्या शुक्रवारी टॅक्सीत एक जागा रिकामी आहे." मी म्हटलं, बघू. दुसरी गाडी मंजूर झाली. ती ६९ टक्के असमाधान असलेल्या रिफाला देण्यात आली.

इस्पितळात इलियासने मला घरचं पत्र सांगितलं: "मी मजेत आहे. कंपनी फार काळजी घेते. तब्येत सुधारली." मी तसंच लिहिलं. महिन्याने उत्तर आलं: वाचून फार समाधान वाटलं, येताना टू-इन-वन रेडिओ-टेप आण.

तुमच्याही घरी आखातातून अशी पत्रं येत असतील. तुम्ही ती शेजाऱ्यांना मोठ्याने वाचून दाखवत असाल. आमच्या फॉर्मवर तुमच्यासाठी रकाना नव्हता, ही खात्याची चूकच. नाहीतर आमचे आकडे कधी घसरलेच नसते.