शटरला अडकवलेली कॅसेट

सोपानभाऊ दर रविवारी दुपारी दोन वाजता पाण्याच्या टाकीत जाऊन बसत. टाकी रिकामी असे हे आधीच सांगतो, म्हणजे वाचणाऱ्याला उगाच काळजी नको. लोखंडी पत्र्याची, आडवी पाडलेली, लांबी सहा फूट दोन इंच, झाकणाचं भोक बावीस इंच. ही मापं मी स्वतः टेप लावून घेतली आहेत. मी जमीन मोजणीच्या खात्यात नोकरीला होतो. अंदाजाने बोलायची मला सवय नाही.

ओतूरला एसटी स्टँडच्या मागच्या गल्लीत त्यांचं मोटारी भरण्याचं दुकान होतं. विहिरीवरची मोटार जळाली की शेतकरी ती पोत्यात घालून त्यांच्याकडे आणत. ते जळकी तार उपसून काढत आणि नवी तांब्याची तार वेढे मोजत मोजत भरत. दुकानामागे मोकळी जागा, त्या जागेत ही टाकी, आणि टाकीपासून अकरा पावलांवर माझ्या घराची खिडकी.

आठवड्याचे सहा दिवस मी जुन्नरच्या ऑफिसात असे आणि रविवारी दुपारी गाढ झोपे, म्हणून पहिले काही रविवार मला काही कळलंच नाही. बायको म्हणाली, मागे कोणीतरी बोलतं. मी म्हटलं, रेडिओ असेल. मग एका रविवारी जेवून पडलो होतो, पण झोप लागेना. गल्ली बंद. ऊन असं पडलेलं की कुत्रंही सावलीतून हलेना. आणि आवाज सुरू झाला. कोरड्या विहिरीच्या तळाशी बसून कोणी बोलावं तसा. शब्द कळत नव्हते, पण गोष्ट चालली आहे हे कळत होतं. मधेच आवाज थांबला. मग म्हणाला, "बरं." आणि पुन्हा सुरू झाला. बायकोने खिडकी लावून घेतली, ती पुढे बरेच दिवस उघडली नाही.

सोपानभाऊ टाकीत बसून कॅसेट भरत होते.

झालं होतं असं. तेव्हा यशस्वी माणसांच्या गोष्टी सांगणाऱ्या कॅसेटींची लाट होती. पुण्याहून येणारा प्रत्येक जण स्टेशनच्या फुटपाथवरून एखादी घेऊन यायचा. सोपानभाऊंनीही चार आणल्या आणि मोटारी भरता भरता ऐकल्या. त्या संपल्यावर त्यांनी मला बोलावून तक्रार केली.

"भाऊसाहेब, ह्यात आपल्यासारखं कोनच न्हाई, राव. समदी इमानातनं उतरत्यात. ज्याच्या दुकानात सकाळधरनं गिऱ्हाईक न्हाई आलं, त्यानं काय ऐकायचं?"

म्हणून त्यांनी स्वतःच गोष्टी भरायला घेतल्या. पहिली दुकानात भरली तर नायकाच्या ऐन संकटात कल्याण गाडीचा हॉर्न वाजला. तेव्हापासून टाकी. उन्हाळ्यात वरून ओली पोती टाकत, तरी बाहेर येत तेव्हा तव्यावरून उतरल्यासारखे दिसत. वेळ वाया जाऊ नये म्हणून मांडीवर साचा घेऊन तार गुंडाळण्याचं कामही तिथेच चाले. एकदा अंगात एकशे दोन ताप होता, तरी घोंगडी पांघरून आत गेले. जेवण चुकलं तर चालायचं, टाकी नाही. घरी एकटेच असत. लग्न केलं नव्हतं, त्यामुळे अडवणारंही कोणी नव्हतं.

गोष्टी साध्या असत. लांब कुठेतरी एक दुकानदार आहे. कधी तो छत्र्या दुरुस्त करतो, कधी भांड्यांना कल्हई लावतो, कधी चपला विकतो. धंदा बसला आहे. आता बंद करावं असं त्याच्या मनात येतं. आणि शेवट ठरलेला, "आन दुसऱ्या दिवशी त्यानं शटर वर केलं." मी एकदा विचारलं, मग फायदा झाला का? ते म्हणाले, "त्ये इच्यारायचं न्हाई. शटर वर केलं का, यवढंच." मी नाव-गाव विचारलं. म्हणाले, नाव सांगितलं की आपले लोक आधी सोयरीक काढतात आणि गोष्ट राहून जाते.

इथपर्यंत ठीक होतं. घोळ झाला तो कॅसेट पोचवण्याच्या पद्धतीमुळे.

गल्लीत कोणाचं दुकान उशिरा उघडतं, कोण लवकर बंद करतं, यावर सोपानभाऊंचं बारीक लक्ष असे. ज्याचं जरा ढिलं दिसेल, त्याच्या शटरच्या कडीला सोमवारी दुकानं उघडायच्या आत ते कॅसेट अडकवून ठेवत. पांढऱ्या प्लास्टिकच्या पिशवीत, तांब्याच्या तारेने बांधून. वर नाव नाही, काही नाही. हेतू इतकाच की त्याला धीर यावा. पण लोकांनी हिशेब उलटा मांडला. ज्याच्या शटरला कॅसेट लागली, त्याचा धंदा बसणार. सोमवारी सकाळी दुकानदार आपल्या गल्लीत दबकत शिरू लागले. बंद शटरवर ती पांढरी पिशवी वाऱ्याने फिरताना दिसली की लांबूनच पाय जड होत. एका किराणावाल्याने ती काढून गुपचूप समोरच्या किराणावाल्याच्या कडीला लावली, त्यावरून दोन घरांचं जाणं-येणं बंद झालं. सोपानभाऊंना यातलं काहीही ठाऊक नव्हतं. ते सोमवारी प्रत्येकाला हसून विचारत, "ऐकली का?" आणि समोरचा पांढरा पडून म्हणे, "ऐकली, ऐकली."

ऐकणं तर त्याहून वाईट. टाकीतला तो घुमणारा आवाज गोष्ट सांगता सांगता मधेच आकडे बोलायचा. "त्यो उंबऱ्यावर बसला... सदतीस... बायकूला म्हनला... अडतीस... आता काय करायचं..." गौतमच्या छापखान्यात पहिल्यांदा कॅसेट आली तेव्हा त्याने मला बोलावून घेतलं. गौतम बौद्धवाड्यातला, हाताने शिशाच्या अक्षरांचे खिळे जुळवून लग्नपत्रिका छापायचा. जुन्नरला कॉम्प्युटरवर पत्रिका निघायला लागल्या होत्या आणि त्याचं मशीन आठवड्यातले चार दिवस उभं असे. आम्ही दोघांनी दार लोटून ऐकलं. आकडे चढत गेले आणि एक्केचाळीसवर थांबले.

"भाऊसाहेब, मला गेल्या महिन्यात एक्केचाळिसावं लागलं," गौतम म्हणाला. तो शहाणा माणूस. अंगारेधुपारे त्याच्या घरात बंद होऊन दोन पिढ्या झाल्या होत्या. पण बोलताना तो माझ्याकडे बघत नव्हता, टेपकडे बघत होता.

आकड्यांचा उलगडा मी केला. आमची मोटार जळाली तेव्हा ती भरून होईपर्यंत मी दुकानात बसून राहिलो. सोपानभाऊ पुटपुटत तार गुंडाळत होते आणि एक्केचाळीसवर गाठ मारत होते. त्या मापाच्या मोटारीला एका गुंडाळीत तेवढेच वेढे बसतात. वेढे मोजल्याशिवाय त्यांचा हात चालत नसे, मग तोंडाने गोष्ट चालू का असेना. मी हे गल्लीत सांगितलं. लोक हसले.

पण आकडे सुटले तरी एक गोष्ट सुटत नव्हती. प्रत्येक कॅसेटमध्ये एका जागी सोपानभाऊ प्रश्न विचारत, "मंग?" आणि गप्प होत. मी घड्याळ लावून पाहिलं. कधी नऊ सेकंद, कधी चौदा. तेवढा वेळ नुसती टेपची खरखर. मग ते म्हणत, "बरं." ऐकणाऱ्याला वाटायचं, मधल्या वेळात कोणीतरी उत्तर दिलं आहे आणि आपल्यालाच ते ऐकू आलं नाही. हे ऐकल्यावर लोक पुन्हा हसेनासे झाले.

शेवटी गौतमच्या छापखान्यात सगळे जमले आणि ठरलं की टाकी भंगारवाल्याला द्यायला लावायची. म्हणजे मूळच जाईल. सांगायला कोण जाणार, तर मी. सरकारी माणूस, शिवाय शेजारी. त्या माणसाकडून टाकी काढून घेणं म्हणजे काय, हे माझ्या खिडकीतून जेवढं दिसे तेवढं इतर कोणाला दिसत नव्हतं. पण नाही म्हणायला मला आकड्यात मांडता येईल असं कारण नव्हतं.

निघायच्या आधी मी एक काम केलं. ज्यांच्याकडे कॅसेटी आल्या होत्या त्यांच्याकडून सगळ्या गोळा केल्या आणि वहीत टिपणं घेत ऐकल्या. एकूण तेवीस. पुढच्या रविवारी पावणेदोनला गेलो. सोपानभाऊ पोती भिजवत होते.

"सोपानभाऊ," मी म्हटलं, "तेवीस कॅसेटींत तेवीस धंदे आहेत. पण माणूस एकच आहे. प्रत्येक ठिकाणी तो दारातून वाकून आत येतो. प्रत्येक ठिकाणी कुलूप डाव्या हाताने काढतो. एकदाही चुकलेलं नाही."

एव्हाना त्यांचा एक पाय टाकीत गेला होता. तसेच काठावर टेकले.

"वळखलं तुमी," ते म्हणाले.

मग त्यांनी सांगितलं ते थोडक्यात असं. गाव डिंगोरे. थोरला भाऊ उंच आणि डावखुरा, त्याचं तिथे सायकलचं दुकान होतं. चाललं नाही. एका सकाळी थोरल्याने शटर पाडलं, कुलूप घातलं, चावी धाकट्याच्या हातात दिली आणि म्हणाला, जरा येतो. कल्याणच्या गाडीत बसला. त्यानंतर पत्र नाही, निरोप नाही. सोपानभाऊ सतरा वर्षांचे होते.

"मी काय म्हनलो ठावं हाय का? बरं म्हनलो. यवढंच. थांब म्हनलं असतं, उद्या उघडू म्हनलं असतं, तर थांबला असता त्यो. लई ऐकायचा माझं."

मी विचारलं, कॅसेटमध्ये गप्प का राहता?

"त्यो सांगतो ना तवा." ते अगदी सहज बोलले. "टाकीत बसलं की समोर येऊन बसतो. अंधारात आदी पाय दिसत्यात, मंग तोंड. मी इच्यारतो, आता कुटं टाकलंय दुकान? त्यो सांगतो. त्येच मी बोलतो. माझ्या मनाचं न्हाई काय त्यात." मग टाकीच्या पत्र्यावर हात ठेवून म्हणाले, "गल्लीवाले काय म्हनत्यात त्ये आज सकाळीच कानावर आलं. टाकी नेत्याल. पर मी न्हाई इच्यारलं, तर त्यो उद्या शटर कुनासाठी वर करंल?"

मी वाकून आत पाहिलं. टाकीच्या दोन टोकांना दोन पोती घडी घालून ठेवली होती. दोन्ही सारखीच दबलेली होती. मी पाहिलं तेवढं लिहितो. त्यापुढे मला काही म्हणायचं नाही.

काहीतरी बोलणं भाग होतं, आणि मला एकच बोलता येतं.

"गेले तेव्हा वय काय होतं त्यांचं?"

"सव्वीस."

"किती वर्षं झाली?"

त्यांनी बोटं मोजली. "तेवीस."

"म्हणजे आज एकोणपन्नास."

सोपानभाऊ माझ्याकडे बघत राहिले. दिवसभर वेढे मोजणारा माणूस, पण ही बेरीज त्यांनी कधी केलीच नव्हती.

"टाकीत येतो त्यो सव्वीसचाच येतो," ते हळू म्हणाले. "केस काळे. तीच पांढरी चड्डी, गुडघ्याला ग्रीस." त्यांनी पुन्हा बोटं मोजली. "म्हंजी मी त्येच्यापरीस मोठा झालो व्हय?"

घरी आलो. त्या रविवारी टाकीतून आवाज आला नाही.

गल्लीत जाऊन मी सांगितलं की टाकी हलणार नाही, आणि का ते सांगणार नाही. कॅसेटी यापुढे शटरला लागणार नाहीत, माझ्या घरी येतील. लोकांनी मान डोलावली. गौतम तेवढा मागे राहिला. भावाचं काही मी त्याला सांगितलं नव्हतं. त्याने विचारलंही नाही.

"माझ्या शटरला लावू द्या त्यांना," तो म्हणाला. "सकाळी दुकान उघडा म्हणून सांगणारं मला तरी दुसरं कोण आहे?"

पुढच्या रविवारी दोन वाजता आवाज सुरू झाला. आमच्या बायकोने खिडकी उघडी ठेवली. सोमवारी मी पहिली गाडी सोडली आणि गौतमकडे गेलो. पिशवी कडीला होती. गौतमने तार सोडवून कॅसेट टेपमध्ये घातली.

लांब कुठेतरी एक जण स्टोव्ह दुरुस्त करतो, आता स्टोव्ह कोणी वापरत नाही, अशी गोष्ट होती. "मंग?" असं विचारून सोपानभाऊ गप्प झाले. मी घड्याळाकडे पाहिलं. तेहतीस सेकंद. इतका वेळ पूर्वी कधी झाला नव्हता. गौतमने टेप बिघडला की काय म्हणून हात पुढे केला, तो मी धरला.

"बरं," आवाज म्हणाला. "तर पावनं, सकाळी त्यो दुकानाशी आला, पर कुलपाचं भोकच दिसंना. चष्मा घरी ऱ्हायला व्हता. ह्या वर्षीच लागला त्येला. परत घरी गेला. पायानं बी जरा सावकाशच चालतो आता. चष्मा लावून आला तवर गिऱ्हाईक दारात हुबं. त्यो म्हनला, उशीर झाला. गिऱ्हाईक म्हनलं, आसूं द्या काका, आमाला काय घाई न्हाई."