नलूताई आणि आबांचा प्रोग्राम

माझ्या शेजारच्या टेबलावरच्या प्रोग्रामर नलूताई कॉम्प्युटरला अहोजाहो करतात. पडद्यावर एरर आली, की खुर्ची पुढं ओढून म्हणतात, "आवं, रागावू नका. कुटं दुखतंय ते सांगा." सगळी कचेरी हसते. मी हसत नाही. कारण एरर त्यांना खरंच सांगते.

आंबीच्या आमच्या कारखान्यात ट्रकचे कमानपाटे बनतात. पाटा किती भार सोसेल हे काढणारा प्रोग्राम आबांनी, म्हणजे आमच्या निवृत्त इंजिनिअरांनी, फार पूर्वी लिहिलेला. अर्धा फोरट्रान या जुन्या कॉम्प्युटर-भाषेत, अर्धा सी या दुसऱ्या भाषेत. त्याचा जुना कॉम्प्युटर बंद पडला आणि नव्यावर तो चालूच होईना. "फेकून द्या, मी नवा लिहितो," मी साहेबांना म्हणालो.

"आधी नलूताईंना बघू दे."

झालं! ताई त्या कोडला चिकटल्या. भाकरी हातात, नजर पडद्यावर. एक दिवस टाळीच वाजवली. "सापडलं! फोरट्रान नावाला शेपूट लावून हाक मारतीया, अन् सी म्हणतीया, या नावाचं हितं कुणी न्हाई. लग्नात नाव बदललं, माहेरचे वळखंनात!" साहेब पोट धरून हसले. हेच मी सांगितलं असतं, तर त्यांनी जांभई दिली असती.

अशा बऱ्याच गाठी सुटल्यावर प्रोग्राम चालला. पेढे वाटले. मला गोड लागले नाहीत.

मग कळलं, की ताई दर रविवारी सुदुंबऱ्याला आबांकडे जातात. म्हणजे उत्तरं तिथून येतात तर! रंगेहाथ पकडायला मीही मोटरसायकल काढली.

ओसरीवर आबा बसले होते, मांडीवर ताईंचा लॅपटॉप. आकडे सरकत होते. आबांनी एका ओळीवर बोट ठेवलं. "पाटा टिकतोय." मग ताईंकडे बघून म्हणाले, "आपण कोण?"

"मी नलू. तुमच्याच हाताखाली शिकले, आबा."

"असं का? बरं."

"परत चालवू?"

"चालव."

ताईंनी पुन्हा पहिल्यापासून चालवला. आबा पुन्हा तितकेच खूश.

तेवढ्यात ताईंचं लक्ष फाटकाकडं गेलं. "आवं, तुमी? या की! आबांना माणसं आठवत न्हाईत आता. पण ह्यो प्रोग्राम चालला, की लय बरं वाटतं त्यांना."

आबांनी सरकून मला जागा दिली. माझं लिहिलेलं असं कुणी म्हातारपणी माझ्या मांडीवर आणून ठेवील का? आबांचा मला इतका हेवा वाटला, की ताई चहाचं विचारत होत्या तेही ऐकू आलं नाही.