मी गाण्याला तेल घातलं

माझ्या हाताचं तेल एकदा लागलं, की पाच वर्षं आवाज नाही! लिहून देतो! तीस वर्षं शिलाई मशिनी दुरुस्त करतोय. कुठं काही करकरलं की माझे दात आंबतात. एकदा दवाखान्यात मी डॉक्टरांच्या फिरत्या स्टुलाला तेल घालून आलो, ताप दाखवायचा राहूनच गेला.

तर, माझी भाची गाते. गाणी स्वतःच लिहिते, चाल स्वतःच लावते, गिटारही स्वतःच वाजवते. तिची पहिली रेकॉर्ड निघणार होती, खरीखुरी काळी तबकडी! रेकॉर्डिंग आमच्या मागच्या खोलीत चाललं होतं. तिथं बायकोच्या शिवणकामाचे कापडाचे गठ्ठे छतापर्यंत रचलेले, त्यामुळे बाहेरचा आवाज आत येत नाही आणि आतला बाहेर जात नाही. नऊ गाणी झाली होती. राहिलं होतं फक्त शेवटचं, आणि चार वाजता रेकॉर्डिंगवाला सामान गुंडाळून परगावी निघणार होता.

दुपारी सगळे जेवायला बसले तेव्हा मी हळूच खोलीत गेलो. भाचीची लाकडी खुर्ची सहज हलवून पाहिली. कर्र-कट! अरेरे! बिचारी सहा महिने इथं असल्या खुर्चीवर बसून गातेय आणि भिडेपोटी बोलली नाही! मी लगेच एकेक सांधा आवळला, तेल सोडलं, पुसून लख्ख केलं आणि मिशीला पीळ देत बाहेर आलो.

अडीच वाजता भाची खुर्चीवर बसली. डुलली. थांबली. पुन्हा डुलली.

"मामा, खुर्चीला काय झालं?"

"काही नाही! आता पाच वर्षं काही होणारही नाही!"

"मामा, तो ताल होता!"

"कोण?"

"ती करकर! तिच्यावर डुलत डुलत मी हे गाणं बांधलं! तिच्याशिवाय ते उभंच राहत नाही!" आणि तिच्या डोळ्यांत टचकन पाणी आलं. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

मग काय, खुर्ची बिघडवायची मोहीम! स्क्रू ढिले केले. साबणानं धुतली. सांध्यांत वाळू भरली. बायकोला म्हटलं, "तू जरा जोरात बैस."

"म्हणजे? मी जाड आहे?"

"तसं नाही गं!"

ती रागानंच धाडकन बसली. खुर्ची गप्प! आयुष्यात पहिल्यांदा मला माझ्या कामाचा राग आला.

"साडेतीन," रेकॉर्डिंगवाला म्हणाला. दिवसभरात तो एवढंच बोलला होता.

मी पुन्हा खुर्चीखाली शिरलो, किसणीनं सांधे खरवडले आणि हताश होऊन उठलो. कट्ट!

"थांबा!" रेकॉर्डिंगवाला ओरडला. त्याच्या कानांवर हेडफोन होते. "परत करा!"

"काय परत करू?"

"बसा. उठा."

बसलो. कर्र. उठलो. कट्ट! भाची डोळे पुसत माझ्या उजव्या गुडघ्याकडे बघत होती, एखादं हरवलेलं माणूस सापडावं तशी.

"मामा, चार मिनिटं जमेल?"

जमवलं! माईक गुडघ्याला टेकवून मी चार मिनिटं उठाबशा काढल्या. शेवटच्या कडव्याला डोळ्यांपुढे काजवे चमकले, पण ताल सोडला नाही. चारला पाच कमी असताना भाचीनं मला घट्ट मिठी मारली. तेव्हा माझेही डोळे भरून आले. थोडे प्रेमानं, थोडे गुडघ्यामुळे.

रेकॉर्ड निघाली. वेष्टनावर छापलंय : गीत, चाल, गायन आणि गिटार – भाची; ताल – मामाचा उजवा गुडघा. लोक म्हणतात, त्या गाण्यात काहीतरी आतून दुखतं. दुखतंच हो!

काल डॉक्टरांनी गुडघ्याला चोळायला तेल दिलं. घरी येऊन झाकण उघडतोय, तोच बायकोनं बाटली हिसकावून कुलपात ठेवली.

"खबरदार! पोरीचा पुढच्या महिन्यात कार्यक्रम आहे!"