गोपाळरावांची पाच वर्षं

नागपुरात तांडापेठेतल्या हेडाऊंच्या घरात कुठलाही वाद फार वेळ टिकत नसे. कूलरमध्ये पाणी कोणी भरायचं, वांग्याची भाजी तिखट झाली की नाही, नातजावयाला लग्नात अंगठी द्यायची की घड्याळ! गोपाळराव खाटेवरून एवढंच म्हणत, “तुमच्यापेक्षा जास्त उन्हाळे काढले मी!” आणि वाद मिटला. वर अपील नाही!

उन्हाळे त्यांनी खरोखरच काढले होते. कागदावरची जन्मतारीख एक जुलै एकोणीसशे चोवीस, म्हणजे पूर्ण पंचाण्णव. पाठ अजून ताठ. दात सगळे पांढरेशुभ्र, कारण सगळे विकतचे. आवाज असा, की ते घरात खोकले तर चौकातला ऑटोवाला दचकून गिअर बदलायचा.

कांताबाई नव्वदीला टेकल्या होत्या. म्हणजे नवऱ्यापेक्षा पाच वर्षांनी लहान. ही पाच वर्षं गोपाळराव फौजदाराच्या पट्ट्यासारखी कमरेला लावून फिरत. बायकोने जरा विरोध केला की लगेच, “अवं, तुह्या बारशाच्या घुगऱ्या खाल्ल्या हायेत मी! मले नको शिकवू!” दोघांची घरं लहानपणापासून एकाच गल्लीत, मध्ये फक्त दोन ओटे, त्यामुळे हे नुसतं म्हणण्यापुरतंही नव्हतं. कांताबाई यावर हो म्हणत नसत, नाही म्हणत नसत. गालातल्या गालात काहीतरी करत, पण ते चष्म्याशिवाय गोपाळरावांना दिसत नसे.

कांताबाईंची जन्मतारीख कोणत्या कागदावर नव्हती, पण पक्की होती. लाहोरच्या तुरुंगात जतीन दास उपोषण करता करता गेले. दुसऱ्या दिवशी ती बातमी नागपुरात आली. कांताबाईंच्या वडिलांनी त्या दिवशी माग बंद ठेवला, आणि घरात जी शांतता झाली ती कांताबाईंनी जन्मून मोडली. चौदा सप्टेंबर एकोणीसशे एकोणतीस!

“आजीची नव्वदी अशी करू की तांडापेठ पाहत राहीन!” नात रोशनीने जाहीर केलं. ती धरमपेठेत एका जाहिरातीच्या ऑफिसात होती, त्यामुळे तिला साधा वाढदिवस जमणारच नव्हता. “आजी ज्या महिन्यात जन्मली ना, त्या महिन्यात जगात काय काय झालं, कोण कोण मोठे लोक जन्मले, सगळं शोधून काढते. फोटो लावून मोठा फ्लेक्स करते!”

“पितृपक्ष लागून राहिला,” सून गोपिकाबाईंनी अडवून पाहिलं. “गणपती कालच गेले. हे दिवस चांगले नाई.”

“मी आली तवा कोणी पंचांग पाहिलं होतं?” कांताबाई म्हणाल्या, आणि तो विषय तिथेच संपला.

“भाषण मी करीन,” गोपाळराव म्हणाले. “घरातला वडीलधारा माणूस मीच हावो. कार्यक्रमाची सगळी सूत्रं माह्या हाती. कुठं चूक होणार नाई!”

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी अंगणात मांडव पडला. गल्लीतली माणसं, गोपाळरावांच्या मिलमधल्या जुन्या सोबत्यांची मुलं, सुना, नातवंडं, सगळ्यांनी खुर्च्या भरल्या. कोथिंबीर भरलेल्या सांबारवडीचा वास थेट चौकापर्यंत. कांताबाई हिरव्या काठाचं लुगडं नेसून मधल्या खुर्चीवर बसल्या होत्या, आणि शेजारी माइक धरून गोपाळराव उभे होते. माइक त्यांच्या आवाजाला लागत नव्हता, पण मानाला लागत होता.

रोशनी फ्लेक्ससमोर उभी राहून वाचू लागली.

“सप्टेंबर एकोणीसशे एकोणतीस! तीन तारखेला अमेरिकेचा शेअर बाजार कधी नव्हता एवढा वर चढला, आणि पुढच्या महिन्यात धाडकन पडला!”

“पाहा!” गोपाळराव माइकमध्ये. “कांता जन्मली नव्हती तवर बाजार वर होता! कांता आली, बाजार पडला!”

मांडव हसला. कांताबाईसुद्धा हसल्या. गोपाळराव खुलले.

“चौदा सप्टेंबर, आमच्या आजीचा जन्म!” टाळ्या! “अठ्ठावीस सप्टेंबर, इंदूरला लता मंगेशकरांचा जन्म!” आणखी टाळ्या! “आणि त्याच अठ्ठावीस तारखेला शारदा कायदा पास झाला. चौदा वर्षांच्या आत मुलीचं लग्न करायचं नाही!”

“अरे!” गोपाळराव एवढ्या जोरात ओरडले की स्पीकरने शिट्टी मारली. “हा तं माहा दिवस होय! माही माय जनमभर सांगे, तिकडे पोरींच्या लगनाचा कायदा पास झाला, अन् इकडे तू झाला! म्हणून तं आमच्या आत्याचं लगन घाईघाईनं उरकलं, कायदा लागू व्हायच्या आंधी! वा रे पोट्टी! माहाबी दिवस शोधून काढला!”

आणि त्यांनी टाळ्यांसाठी मांडवाकडे पाहिलं.

टाळी एकही पडली नाही. पंखासुद्धा जरा हळू फिरू लागल्यासारखा वाटला. गोपाळरावांचा मुलगा जागेश्वर बँकेतून रिटायर झालेला. दोन आकडे शेजारी दिसले की बेरीज-वजाबाकी केल्याशिवाय त्याला घास उतरत नसे.

“बाबा,” तो म्हणाला, “हा कायदा एकोणतीसचा आहे.”

“मग?”

“मग तुम्हीपण एकोणतीसचे झाले.”

“मग?”

“आई चौदा तारखेची, तुम्ही अठ्ठावीसचे.” जागेश्वरने एकदा घसा साफ केला. “बाबा, तुम्ही आईपेक्षा चौदा दिवसांनी लहान आहे.”

शारदा कायदा कोणत्या साली झाला, हे पाहायची गरज गोपाळरावांना आजवर कधी पडली नव्हती. माय म्हणाली कायद्याच्या दिवशी, तर कायद्याच्या दिवशी. कागद म्हणाला चोवीस साल, तर चोवीस साल. दोन्ही गोष्टी त्यांच्या डोक्यात दोन वेगळ्या खोल्यांत सुखाने राहत होत्या. आज त्यांची गाठ पडली, तीही माइकवर!

“दुसरा कायदा असन तो!” ते गरजले. “इंग्रजाकडे कायद्याची काय कमी होती? लहानूदादाले फोन लावा! त्याले सगळं माहीत हाय!”

लहानूदादा म्हणजे गोपाळरावांचे उमरेडचे चुलतभाऊ. नाव लहानू, पण घराण्यात वयाने सगळ्यांत थोर. नजर शाबूत, आठवण शाबूत, फक्त कानांनी राजीनामा दिलेला. रोशनीने फोन लावला आणि सगळ्यांना ऐकू यावं म्हणून माइकला टेकवला.

“दादाजी!” ती ओरडली. “आबांचे पाच वर्षं गेले!”

“आबा गेले?”

“आबा नाही! वर्षं! वर्षं गेले!”

“हरपला! गोपाळ हरपला!” फोनमधून हंबरडाच फुटला. “अरे, काल-परवाचं लेकरू होतं ते! आत्याच्या लगनात माह्याच कडेवर होतं! आठ वर्षाचा होतो मी. मानबी धरत नव्हता गा तो! माह्या नव्या सदऱ्यावर मुतला होता! अन् माह्या आंधी गेला!”

मांडवात आधी कोणीतरी खोकल्यासारखं केलं. मग एकदम सगळा मांडव हसून फुटला. शेजारची बाई सांबारवडी हातात धरून डोळे पुसत होती.

“दादा!” गोपाळरावांनी फोन हिसकावला. “मी जिता हावो!”

“कोण बोलून राहिला?”

“गोपाळ!”

“गोपाळ तं गेला!”

“नाई गेलो!”

“मंग मले काहून रडवून राहिले?” लहानूदादांनी फोन आपटला.

पण स्पीकरचं तोंड चौकाकडे होतं. ‘गोपाळ हरपला’ एवढं चौकाने नीट ऐकलं होतं. पाच मिनिटांत शिंप्याने दुकानाचं शटर अर्धं ओढलं, दोन म्हाताऱ्या डोक्यावर पदर घेऊन आल्या, आणि देवाजी फुलवाला पांढऱ्या शेवंतीचा हार घेऊन धापा टाकत मांडवात शिरला. समोर गोपाळराव उभे, हातात माइक! देवाजीने हार झटकन पाठीमागे लपवला.

“म्हटलं होतं मी,” गोपिकाबाई कोणाकडेच न बघता म्हणाल्या. “पितृपक्ष!”

तेवढ्यात मागच्या रांगेतून, कोणाला काय विचारावं हे आयुष्यात न कळलेल्या एका शेजाऱ्याने विचारलं, “काय जी गोपाळराव, मंग त्या घुगऱ्या? वैनीच्या बारशाच्या?”

पुन्हा हशा! गोपाळरावांचा चेहरा उतरला. बारसं बाराव्या दिवशी. त्या दिवशी ते अजून जन्मलेलेच नव्हते.

“खाल्ल्या त्यायनं,” कांताबाई म्हणाल्या.

आवाज लहानसा, पण मागच्या रांगेपर्यंत गेला.

“माह्या बारशाले सासूबाई आल्या होत्या. दिवस भरत आलेले. दोन वाट्या घुगऱ्या खाल्ल्या म्हणे त्यायनं. माय खाते ते लेकराच्याच पोटात जाते. खाल्ल्याच की मंग!”

लोकांनी टाळ्या वाजवल्या. गोपाळरावांनी मात्र वाजवल्या नाहीत. त्यांनी बायकोकडे पाहिलं. मग माइक खुर्चीवर ठेवला आणि घरात गेले.

मागच्या खोलीत पूर्वी माग होता, आता दिवाण होता. त्याच्या कडेवर ते बसले. थोड्या वेळाने कांताबाई भिंतीला धरत आल्या. हातातल्या बशीत संत्रा बर्फी.

“तुले माहीत होतं,” गोपाळराव म्हणाले.

“हाव.”

“कवापासून?”

“लगनाच्या दुसऱ्या वर्षी. पापड लाटता लाटता सासूबाई बोलून गेल्या. मंग मलेच म्हणे, बाई, त्याले सांगजो नको.” त्या शेजारी टेकल्या. “मामंजीची छाती भरली, माग सुटला. घरात कमावणारं कोणी नाई. मिलमध्ये लावाले तुमाले कागदावर पाच वर्षं चढवले. तेरा-चौदाचे असान तुमी.”

“बाबा म्हणाले, तू अठराचा हायेस,” गोपाळराव हळूच म्हणाले. “मी म्हटलं, असन.”

“सगळ्यायनंच म्हटलं, असन. दोघं भाऊ शिकवले तुमी. बहिणीचं लगन केलं. रात्रपाळीहून याचे अन् पोरांच्या अंगावर पांघरूण घालूनच झोपाचे. मी पाहात राहू. मनात म्हणू, हे पोट्टं माह्याच वयाचं हाय. मले एवढी भीती वाटते, तं याले वाटत नसन काय? पण तुमी कधी दिसू देल्लं नाई. मंग मी काहून सांगू?”

गोपाळरावांनी कवळी जरा हलवली. बर्फीचा एक तुकडा तोंडात टाकला.

“अन् मी जनमभर तुह्यावर रुबाब झाडला वं.”

“झाडू देल्ला. टीव्ही नव्हता तवा आपल्याकडे. माहा वेळ जाये.”

ते हसले. मग पुन्हा गंभीर झाले. “माहे पाच वर्षं गेले, कांता.”

“गेले कुठं?” कांताबाईंनी त्यांच्या सदऱ्यावरचा बर्फीचा चुरा झटकला. “उलटे भेटले. सकाळी पंचाण्णवचे होते, आता नव्वदचे हा. माह्यासंग राहाले पाच वर्षं जास्त झाले. मले तं बापा, वाढदिवसाचं हेच पाह्यजे होतं.”

गोपाळरावांनी त्यांचा हात धरला. बाहेर स्पीकरवर रोशनी पाहुण्यांना “थोडं थांबा, आबा येऊन राहिले” असं सारखं सांगत होती.

ते आले. दोघं एकमेकांना धरून आले, त्यामुळे कोण कोणाला आणत होतं ते कळत नव्हतं. रोशनीने आजोबांना धीर द्यायचा प्रयत्न केला, “आबा, तुमचा जन्म लताबाईंच्याच दिवशीचा! केवढी मोठी गोष्ट!”

“गळा तिकडे गेला, अन् खोकला इकडे आला,” गोपाळराव म्हणाले आणि त्यांनी माइक उचलला.

“मंडळी, मिलनं माही उमर पाच वर्षं जास्त धरली. माह्या बायकोनं ती तशीच राहू देल्ली. आज हिशेब सरळ झाला. या घरात वडीलधारं माणूस हे हाय.” त्यांनी कांताबाईंकडे बोट केलं. “देवाजी, मागं काय लपवलं? आन इकडे!”

देवाजीचा पांढऱ्या शेवंतीचा हार कांताबाईंच्या गळ्यात पडला. गोपिकाबाईंनी डोळे मिटून घेतले.

“अन् वयानं मोठ्या माणसाच्या पाया पडा लागते,” गोपाळराव म्हणाले. कोणी “आबा, नका” म्हणेपर्यंत ते वाकलेसुद्धा. वाकताना सगळं ठीक झालं. हात पायांना लागले. पण उठायच्या वेळी कमरेत कुठेतरी कट् असा आवाज झाला, आणि गोपाळराव विहिरीत अडकलेल्या मोटेसारखे तसेच अर्ध्यात राहिले.

“जागेश्वर!” खालून आवाज आला. “अडकलो!”

जागेश्वर धावला, देवाजी धावला, रोशनी मलम शोधायला पळाली. मांडवातली सगळी माणसं उठून उभी राहिली. कांताबाई मात्र जागच्या हलल्या नाहीत. गळ्यातला हार सावरत त्यांनी समोरच्या टकलावर शांतपणे हात ठेवला आणि म्हणाल्या,

“असू द्या, असू द्या. मोठे व्हा!”